माझ्या पायातली जुनी चीर

मित्रांनो, आधी बसा. ही गोष्ट उभ्या उभ्या ऐकण्याची नाही. फक्त बसण्यापूर्वी आपल्या खुर्चीच्या चारही पायांकडे एकदा नजर टाका. का, ते पुढे कळेलच.

मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. एका शाळेच्या वाचनालयात, खिडकीजवळच्या कोपऱ्यात माझी जागा आहे. पाठ सरळ, बैठक रुंद आणि पाय चार. त्यातला मागचा डावा पाय बाकीच्या तिघांपेक्षा थोडा फिकट दिसतो. मला त्या पायाबद्दल बोलायचे आहे, आणि त्या पायापायी जिच्यावर नसते बालंट आले त्या मुलीबद्दल बोलायचे आहे. तिचे कौतुक करताना माझी गाडी थोडी घसरेल. तेवढे सांभाळून घ्या.

आम्ही सहा बहिणी. एका उन्हाळ्यात एकाच सुताराने आम्हाला घडवले. ते फार कमी बोलत आणि त्याहून कमी खिळे वापरत. लाकडात लाकूड असे काही बसवत की सांधा कुठे आहे ते बोटालाही कळू नये. त्यांचा एक नियम होता. ज्याने सांधा जोडला, त्याने आधी बसायचे. खुर्ची गिऱ्हाइकाला देण्याआधी ते स्वतः तिच्यावर बसत, डोळे मिटत आणि थोडा वेळ नुसते ऐकत. खुर्ची कुरकुरली नाही की उठून हात झटकत आणि म्हणत, "जा आता." त्यांच्या मुलानेही पुढे हाच धंदा धरला. तो या गोष्टीत येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

बहिणींबरोबर शाळेत आले आणि कामाला लागले. इतकी वर्षे माणसे अंगावर घेतल्यामुळे माणूस मला त्याच्या बसण्यावरून कळतो. तक्रार ऐकायला बोलावलेले पालक अगदी कडेला टेकतात, जणू माझा चटका बसेल. तपासणीला आलेले साहेब आधी माझ्यावर रुमाल झटकतात. लहान मुले तर बसतच नाहीत, चढतात. एकदा बक्षीस समारंभाला पाहुणे म्हणून एक पहिलवान आले होते. दाराच्या चौकटीत ते जेमतेम मावत होते. ते दोन तास माझ्यावर बसले, मोठमोठ्याने हसले, आणि मी हूं की चूं केले नाही. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "खुर्ची असावी तर अशी!" तेव्हापासून माझी मान जरा ताठ झाली. मित्रांनो, या पहिलवानांना विसरू नका. त्यांची आठवण पुढे निघणार आहे.

या कौतुकामुळे मला वाचनालयात मानाची जागा मिळाली. दर शनिवारी शेवटच्या तासाला तिथे पहिली-दुसरीची मुले सतरंजीवर गोळा होत आणि वरच्या वर्गातले कोणीतरी माझ्यावर बसून त्यांना गोष्ट वाचून दाखवी. बरेच जण वाचत. काही घाईघाईने वाचत, काही नाकात वाचत, आणि एक मुलगा तर प्रत्येक पान उलटताना जांभई देत असे.

आणि मग पिटू आली.

तिचे खरे नाव हजेरीच्या वहीत होते, पण सगळे तिला पिटूच म्हणत. जन्मली तेव्हा ती एवढीशी होती, म्हणून आईने तिला पिटुकली म्हटले आणि पुढे त्याचे पिटू झाले. आता ती आठवीत होती आणि अंगाने चांगलीच जाड होती. वर्गातल्या मुलांना या नावाची फार गंमत वाटे. शाळा सुटल्यावर आईने फाटकातून "पिटू!" अशी हाक मारली की चार जण पोट धरून हसत. पिटूने त्यावर एक युक्ती काढली होती. कोणी हसण्याच्या आत ती स्वतःच हसत असे. लोक म्हणत, किती खेळकर मुलगी! मला मात्र ती हसताना तिच्या पाठीचा ताठरपणा जाणवे. पाठ माझ्याकडे असते ना.

ती माझ्यावर बसायची, ते बसणेही सांगण्यासारखे आहे. आधी दोन्ही तळव्यांनी माझी बैठक दाबून पाही. मग हळूहळू, थोडा थोडा करत आपला भार सोडी. सगळा सोडतच नसे. अर्धा स्वतःच्या पायांवर तोलून धरी. शाळेतल्या कोणत्याही खुर्चीवर ती अशीच बसे. तासभर असे बसून पाहा म्हणजे मांड्या कशा भरून येतात ते कळेल.

पण गोष्ट सुरू झाली की ती हे सगळे विसरून जाई. काय तो आवाज! म्हातारा बोलायचा असेल तर तिच्या आवाजाला सुरकुत्या पडत. वारा सुटला की मुले सतरंजीवर एकमेकांना चिकटून बसत. जांभईवाला मुलगासुद्धा दाराशी उभा राहून ऐके. पुस्तकांतल्या गोष्टी संपल्या तेव्हा ती स्वतःच्या गोष्टी एका वहीत लिहून आणू लागली. गोष्ट चढत गेली की तिच्या पायांवरचा भार नकळत सुटे आणि ती पूर्ण माझ्यावर विसावे. तो भार मला कधी जड झाला नाही. उलट वाटे, मला घडवले ते यासाठीच.

आता वाईट भाग सांगते.

शाळेत खेळाचे एक सर होते. अंगाने काटकुळे, पायांनी चपळ, मुलांचे लाडके. मोकळा तास मिळाला की ते वर्तमानपत्र वाचायला माझ्याकडे येत. त्यांना एक खोड होती. गुडघे टेबलाला टेकवून ते मला मागच्या दोन पायांवर झुलवत. पुढे, मागे, पुढे, मागे. खुर्चीला चार पाय असतात, हे या गृहस्थांना कोणी सांगितलेच नसावे! एका दुपारी माझ्या मागच्या डाव्या पायात 'कट्' असा आवाज झाला. सर उठले, वाकले, त्यांनी पाहिले. सांध्याजवळ केसाएवढी चीर गेली होती.

त्यांनी शिपाईकाकांना हाक मारली. "काका, जरा गम लावून टाका हो इथे. वाचनालयाच्या बाईंच्या कानावर नको उगाच."

शिपाईकाकांनी गम लावला, आतल्या बाजूने एक खिळा ठोकला आणि वरून तपकिरी रंगाचा बोळा फिरवला. दोघांच्याही मनात काही वाईट नव्हते. सर तर आठवडाभरात सगळे विसरूनही गेले. मी मात्र दुखरा पाय घेऊन दीड वर्ष उभी राहिले. चीर आतल्या आत वाढत होती आणि सांगायला मला तोंड नव्हते.

पालकांच्या भेटीचा दिवस होता. वाचनालय गच्च भरले होते. पुढे सतरंजीवर चिल्लीपिल्ली, मागे त्यांचे आईवडील, दाराशी वरच्या वर्गांतली मुले. पिटूने नवी गोष्ट आणली होती. एका पोस्टमनच्या पिशवीत एक पत्र उरते. त्यावर ना नाव, ना पत्ता. टाकून द्यायचे त्याच्या जिवावर येते, म्हणून तो एकेक दार ठोठावत जातो. पहिले दार, दुसरे दार. प्रत्येक दाराआड वेगळेच माणूस, आणि पत्र कोणाचेच नाही.

ती बसली तेव्हा मी मुद्दाम कुरकुरले. मला तिला सावध करायचे होते. तिने ऐकलेही. पण तिला वाटले, मी तिच्याबद्दलच कुरकुरते आहे. ती आणखी अंग चोरून बसली. माझ्या आयुष्यात मी केलेली ही सगळ्यात मोठी चूक.

सहावे दार झाले. मुलांचे डोळे बशीएवढे झाले होते. "आणि पोस्टमन सातव्या दाराशी आला," पिटू म्हणाली. "त्याने कडी वाजवली. एकदा वाजवली. दोनदा वाजवली..."

आणि माझा पाय मोडला.

ती पडली. गुडघा फुटला, वही लांब उडाली.  मग दाराशी कोणीतरी फिस्सकन हसले आणि ते हसू खोलीभर पसरले. खेळाचे सर तिथेच उभे होते. त्यांना वाटले, थोडी गंमत करून वेळ सावरून न्यावी. ते म्हणाले, "अगं, त्या बिचाऱ्या खुर्चीवर तरी दया कर!"

आता पालकही हसले. आणि मित्रांनो, पिटूसुद्धा हसली. हसतच उठली, वही उचलली, मोडलेल्या पायाकडे एकदा पाहिले आणि बाहेर गेली. वाचनालयाच्या बाईंनी सगळ्यांना फैलावर घेतले, पण तोवर ती जिना उतरून गेली होती.

मला जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीत टाकले. मोडकी बाके, फुटका पृथ्वीगोल, दोर तुटलेली टेनिसची जाळी, असा तिथला शेजार. मी एका अंगावर पडून होते आणि माझा पाय माझ्याच बैठकीवर ठेवलेला होता. पहिलवानाला पेललेली मी! पण मला माझे वाटत नव्हते. सारखे एकच मनात येई, चूक माझी आणि हसे तिचे झाले.

आठवडाभराने मधल्या सुट्टीत दार करकरले. पिटू आत आली. हातात जेवणाचा डबा होता. ती जमिनीवर, माझ्याजवळ बसली. डबा तिने उघडलाच नाही. मग माझ्या मोडक्या पायावर हात ठेवून म्हणाली,

"सॉरी हं. माझ्यामुळे मोडलीस तू."

मित्रांनो, ती माझी माफी मागत होती! मला त्या वेळी जीभ असती तर मी काय काय सांगितले असते. पण मी लाकूड. लाकडासारखी पडून राहिले.

मग ती रोज येऊ लागली. हळूहळू मला सगळे कळत गेले. ती आता कुठल्याच खुर्चीवर बसत नव्हती. वर्गात पाठ दुखते असे सांगून मागच्या भिंतीला टेकून उभी राही. बसमध्ये जागा रिकामी असली तरी दांडा धरून उभी. घरी जमिनीवर. शनिवारचा तास तिने सोडला होता. सहलीचे नाव मागे घेतले होते.  कोणासमोर खाल्ले तर लोक घास मोजतात असे तिला वाटे, म्हणून ती दिवसभर काही खात नसे आणि घरी गेल्यावर दार लावून भराभर खाई, आणि मग स्वतःवरच चिडून रडे. त्यातच ती पहिली-दुसरीच्या मुलांना टाळण्यासाठी मागच्या जिन्याने येई. ती मुले तिला पाहिली की एकच विचारत, "पिटूताई, सातव्या दारात कोण होतं?"

एके दिवशी तिने वही काढली आणि मला म्हणाली, "मी ठरवलंय. सातवं दार उघडतच नाही. पोस्टमन पत्र परत पिशवीत टाकतो आणि घरी जातो. संपली गोष्ट."

मला धस्स झाले. गोष्टीसाठी नाही, तिच्यासाठी.

तिचे हे लपण्याचे ठिकाण वाचनालयाच्या बाईंनी शोधून काढला. एका दुपारी त्या तिच्या आईला घेऊन आल्या. पिटू त्या दिवशी आली नव्हती. आई माझ्यासमोर एका मोडक्या बाकावर बसली आणि पदराने डोळे टिपू लागली.

"मीच चुकले हो," ती म्हणाली. "येता-जाता तिला बोलायची. हे खाऊ नको, ते खाऊ नको. पाहुण्यांसमोरसुद्धा. मला वाटायचं, तिच्या भल्याचंच सांगतेय."

"डॉक्टरांना दाखवलंत?" बाईंनी विचारले.

"दाखवलं. मला वाटलं, गेल्या गेल्या काट्यावर उभी करतील. पण त्या डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं, झोप लागते का गं? डबा कुणाबरोबर खातेस? आणि ही ढसाढसा रडायलाच लागली. दोन वर्षांत माझ्यासमोर रडली नव्हती. म्हणते कशी, मी बसले की मोडतं." आईने पुन्हा पदर डोळ्यांना लावला. मग म्हणाली, "त्या म्हणाल्या, वजनाचं आपण बघू, सावकाश बघू, घाई नाही. त्याला कारणं खूप असतात, नुसत्या खाण्यावर ढकलू नका. पण आधी हिचं मन. आता दर गुरुवारी समुपदेशक ताईंकडे नेते. जाते बिचारी. तिथंही उभीच राहते."

त्या डॉक्टरीणबाईंना मी कधी पाहिले नाही. पण त्या माझ्यावर बसल्या असत्या, तर मला अभिमान वाटला असता.

सत्र संपत आले तसे मोडके सामान दुरुस्तीला निघाले आणि सुतारकाका आले. होय, तेच. आम्हा सहा बहिणींना घडवणाऱ्या सुताराचा मुलगा. आता त्यांचेच केस पांढरे झाले होते. कानावर पेन्सिल, खिशात दुमडलेली पट्टी. दार उघडले तर आत पिटू. ती दचकून उठली.

"बस, बस," काका म्हणाले. "मला काय, जागा पुष्कळ आहे." मग त्यांची नजर माझ्यावर गेली आणि त्यांचा चेहराच बदलला. "अरे! ही तर दादांच्या, माझ्या वडिलांच्या हातची. ही कशी मोडली?"

"मी बसले," पिटू म्हणाली.

"मग?"

"मग मोडली. मी जाड आहे ना."

काकांनी तिच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. पाय उचलून खिडकीशी नेला. उलटा केला, सुलटा केला, चष्मा लावला, काढला. अंगठ्याच्या नखाने थोडे खरवडले आणि नख हुंगले.

"इकडे ये," ते म्हणाले. "हे बघ. ही बाजू कशी आहे?"

"पांढरी."

"हे लाकूड परवा फाटलंय. ताजं लाकूड पांढरंच दिसतं. आता ही बाजू बघ."

"काळी आहे."

"काळी आहे. का? धूळ बसलीय. हा पिवळा पापुद्रा दिसतो? वाळका गम. आणि हा गंजका खिळा. माझ्या वडिलांनी जन्मात असा खिळा मारला नाही. पोरी, हा पाय दीड-दोन वर्षांपूर्वीच गेला होता. तीन भाग काळे, एक भाग पांढरा. तेवढ्या एका भागावर खुर्ची उभी होती. तू बसली नसतीस तर तिच्यावर मांजर बसलं असतं आणि मोडली असती."

 पिटूने तो पाय हातात घेतला आणि काळ्या भागावरून बोट फिरवत राहिली. माझा जीव, तेवढा जो काही असेल तो, भांड्यात पडला. दीड वर्षे मला जे सांगता आले नाही ते या माणसाने नुसते पाहून वाचले होते.

"बाईंना दाखवू," काका म्हणाले.

"नको," पिटू घाईने म्हणाली. "सगळे म्हणतील, काका माझी बाजू घेतात."

"मी तुझी बाजू कशाला घेऊ? मी तुला ओळखत पण नाही. मी लाकडाची बाजू घेतोय."

तिला हसू आले. हे वेगळे हसू होते. कोणाच्या आधी हसायचे म्हणून हसलेले नव्हते.

दोघे पाय घेऊन वर वाचनालयात गेले. पुढचे मी नंतर बाईंच्या तोंडून ऐकले. बाई खिडकीशी होत्या आणि खेळाचे सर वर्तमानपत्र वाचत होते. कसे? माझ्या धाकट्या बहिणीला मागच्या दोन पायांवर झुलवत! काकांनी पाय टेबलावर ठेवला, काळी बाजू वर करून, आणि जे पाहिले ते सांगितले. सर ऐकता ऐकता थांबले. चारही पाय जमिनीला टेकवले. त्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

"गम मी लावायला सांगितला होता," ते म्हणाले. "पिटू, मी साफ विसरलो होतो गं."

पिटू म्हणाली, "तुम्ही विसरलात, सर. मला नाही विसरता आलं."

एवढेच बोलली. आवाज चढवला नाही, डोळे खाली घातले नाहीत. बाई सांगत होत्या की त्यांच्या अंगावर काटा आला. सरांनाही काय करायचे ते कळले. पुढच्या शनिवारी वाचनालयात, त्याच मुलांसमोर आणि दाराशी उभ्या असलेल्या त्याच वरच्या वर्गांसमोर ते उभे राहिले आणि म्हणाले, "खुर्ची मी मोडली होती. चीर लपवली मी. आणि सगळ्यांना हसवलंही मीच." एरवी मैदानावर घुमणारा त्यांचा आवाज त्या दिवशी नीट निघत नव्हता. चूक झाल्यावर असे सगळ्यांसमोर बोलायला छाती लागते. म्हणून मी सरांना आता माफ केले आहे. झुलण्याबद्दल मात्र नाही.

आता तुम्हाला वाटेल, सगळे ठीक झाले. मलाही तसेच वाटले होते. पण नाही झाले. खरे काय ते कळले, तरी पिटू खुर्चीवर बसेना. समुपदेशक ताई तिला म्हणाल्या होत्या, "खरं कळल्या कळल्या भीती जात नाही. तिला थोडा वेळ दे." तो वेळ तिने माझ्यावर खर्च केला. सुतारकाका जिन्याखाली काम करत होते, तिथे ती रोज मधल्या सुट्टीत जाऊ लागली. बसायची जमिनीवर, पण डबा उघडू लागली. काका आपला भाकरतुकडा सोडून तिच्या डब्यात डोकावत आणि "काय आणलंस?" म्हणून निम्मे पळवत. मग ती त्यांच्या डब्यातले पळवी. कोणी कोणाचा घास मोजत नव्हते.

एके दिवशी काका म्हणाले, "नुसती बघतेस काय? धर."

नवा पाय त्यांनी कापून दिला, पण तासला तिने. हाताला फोड आले. सांध्याची खाच दोनदा चुकली, एकदा सैल झाली, एकदा वाकडी. काकांनी दोन्ही वेळा लाकूड बाजूला टाकून दुसरे दिले आणि चकार शब्द काढला नाही. तिसऱ्यांदा पाय असा बसला की काकांनी बोट फिरवले आणि भुवया उंचावल्या. "दादांनी बघितलं असतं तर..." एवढेच म्हणाले. सांध्याला आवळून धरणारा शिकंजा लावून मला चार दिवस ठेवले. पाचव्या दिवशी काढला आणि मला वाचनालयात, माझ्या खिडकीशी आणून ठेवले.

शनिवार होता. सतरंजीवर मुले होती. पुढचे दोन दात पडलेली एक चिमुरडी सगळ्यांत पुढे होती.

"बस," काका पिटूला म्हणाले.

"आधी तुम्ही बसा ना, काका. बघा टिकते का."

"मी कसा बसू? आमच्या घराचा नियम आहे. ज्याने सांधा जोडला, त्याने आधी बसायचं. सांधा कुणी जोडला?"

 सांधा पिटूनेच जोडला होता. तिने माझ्याकडे पाहिले. दोन्ही तळव्यांनी माझी बैठक दाबली. तळवे ओले होते. दाराशी तिची आई उभी होती, तिने पदर तोंडाशी धरला होता. सर भिंतीला टेकून उभे होते, आणि पहिल्यांदाच स्थिर होते.

ती हळूहळू बसू लागली. आधी पाव भार, मग अर्धा. अर्ध्यावर ती थांबली. नेहमी थांबायची तिथेच. मित्रांनो, मी खुर्ची आहे, मला प्रार्थना येत नाही. पण त्या क्षणी मी माझ्या चारही पायांना बजावले की आज कोणी 'क' काढायचा नाही.

तिने डोळे मिटले. आणि पाय सैल सोडले.

सगळी. पहिल्यांदाच, गोष्ट सुरू होण्याआधी, ती सगळीच्या सगळी माझ्यावर बसली. मी कुरकुरले नाही. खोलीत इतकी शांतता होती की मी कुरकुरले असते तर फाटकापर्यंत ऐकू गेले असते. काकांनी मान डोलावली.

"पिटूताई," दात पडलेली चिमुरडी म्हणाली, "शातव्या दालात कोण होतं?"

पिटूने वही उघडली. शेवटचे पान तिने रात्रभर विचार करून नाही, तर तिथेच, त्या क्षणी बदलले, हे फक्त मला ठाऊक आहे. कारण वहीत दार बंदच होते.

"पोस्टमनने तिसऱ्यांदा कडी वाजवली," ती म्हणाली, "आणि दार उघडलं. आत एक आजी होती. ती पत्राकडे बघेचना. पोस्टमनकडेच बघत होती. म्हणाली, किती दारं फिरलास रे! पत्राचं नंतर बघू. आधी बस."

मुलांना शेवट आवडला की नाही, ते मला नीट ऐकूच आले नाही, इतका आरडाओरडा झाला.

तुम्ही विचाराल, मग पिटू बारीक झाली का? हे मला पुष्कळ जण विचारतात, आणि मला त्याचा राग येतो. ती डॉक्टरीणबाईंकडे जाते, संध्याकाळी आईबरोबर लांब फिरायला जाते, आणि काट्याचे काय ते त्या तिघी आपसात बघतात. ते तुमचे-माझे काम नाही. मला एवढे माहीत आहे की ती मैत्रिणींबरोबर डबा खाते, सहलीला गेली होती, आणि बसमध्ये जागा दिसली की बसते. कधी कधी जुनी भीती परत येते. त्या दिवशी ती माझी बैठक दोन्ही तळव्यांनी दाबून पाहते. मी तिला हवा तितका वेळ देते.

तेव्हा मित्रांनो, या म्हातारीचे एवढे ऐका. खुर्चीवर झुलू नका. मोडले तर लपवू नका, सांगा. आणि कधी तुमच्यासमोर कोणी पडले, तर हसण्याआधी खुर्चीचा पाय उचला, उजेडाला धरा आणि नीट पाहा, आतली बाजू काळी आहे की पांढरी. पडलेल्याला उठवायला मात्र त्याच्याही आधी जा.

आणि ती उठली, की तिला खुर्ची द्या आणि म्हणा, आधी बस.